सुट्टीचा एक दिवस : लेणी पाहा, रद्दीही चाळा

परीक्षा संपल्या, शाळांना कुलूप लागले. सातपूरच्या कामगार वस्त्यांत दुपारी पत्रे तापतात आणि मुले सावली शोधत गल्लीभर फिरतात. पहिली पाळी करून आलेला माणूस जरा डोळा लावतो, तोच पोरांचा गलका सुरू होतो. रात्रपाळीवाल्याचे हाल तर विचारूच नका! आई म्हणते, "बाहेर जाऊन खेळा." बाहेर ऊन मी म्हणते. शेवटी हातात मोबाईल दिला की घर शांत होते आणि सुट्टीचे दिवस असेच एकामागून एक निघून जातात.

गावी जाऊन आठ-दहा दिवस राहणे आता सगळ्यांना जमत नाही. कंपनीची रजा मोजकी, त्यात लग्नसराई. महाबळेश्वर-माथेरानची गोष्ट तर आपल्या पगारात बसतच नाही. मग काय, घरातच बसायचे? मुळीच नाही. आपल्या नाशिकातच पाहण्यासारखे इतके आहे की महिन्याची साप्ताहिक सुट्टी पुरणार नाही. बसचे तिकीट, घरची भाकरी-पिठले आणि पाण्याच्या बाटल्या एवढाच खर्च. मात्र या वेळी सोबत एक रिकामी कापडी पिशवीही घ्यायची. ती पिशवी जुन्या पुस्तकांसाठी. एक ठिकाण पाहायचे आणि येताना एक तरी जुने पुस्तक घरी आणायचे, हा या सुट्टीचा नेम.

जुने पुस्तक म्हटले की काही आयाबाया नाक मुरडतात. "दुसऱ्याने वापरलेले कशाला? नवे घेऊ एखादे." पण नवे घेऊ, नवे घेऊ म्हणत वर्ष जाते आणि घरात पुस्तक येत नाही. बाबासाहेबांनी असा विचार केला नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, १९१३ ते १९१६ या काळात, पोटाला चिमटा घेऊन ते न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरत. तेथे त्यांनी सुमारे २,००० जुनी पुस्तके जमवली, असे चरित्रकार सांगतात. त्यांतली बरीचशी भारतात पोचलीच नाहीत. पुढे १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान ज्या बोटीत होते ती टॉर्पेडोने बुडाली, तेव्हाही पुस्तके गेली. दोनदा असा घाव बसूनही त्यांनी पुस्तके जमवणे थांबवले नाही. दादरचे 'राजगृह' बांधताना माणसांइतकाच पुस्तकांच्या जागेचा विचार केला. ज्या माणसाच्या ग्रंथप्रेमाचे आपण दरवर्षी भाषणांतून गुणगान करतो, त्याच्या संग्रहाची सुरुवात दुसऱ्याने वापरलेल्या पुस्तकांतूनही झाली होती, हे मुलांना जरूर सांगावे.

पहिली सहल : त्रिरश्मी

पहिला मान अर्थात त्रिरश्मी लेण्यांचा. वैशाख पौर्णिमेला आपण तेथे जातो, वंदना घेतो, गर्दीत जमेल तेवढे पाहतो आणि परततो. त्या दिवशी निवांत पाहणे होत नाही. म्हणून सुट्टीत एक दिवस मुद्दाम काढा. सातपूरहून अंबड लिंक रोडने महामार्गाला लागले की पाथर्डी फाट्याजवळ डोंगर समोर उभा राहतो. सकाळी लवकर निघा, म्हणजे पायऱ्या चढताना ऊन लागणार नाही. मोठ्यांना तिकीट आहे, पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे.

लोक सरसकट 'पांडवलेणी' म्हणतात, पण पांडवांचा येथे काही संबंध नाही. ही भिक्खूंच्या वर्षावासाची जागा. २४ लेण्यांचा हा समूह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला सुरुवात झाली. येथल्या शिलालेखांतच डोंगराचे नाव 'तिरण्हु', 'त्रिरश्मि' असे दिले आहे. लेखांची लिपी ब्राह्मी, भाषा बहुतेक ठिकाणी प्राकृत. ती आपल्याला वाचता येत नाही म्हणून हिरमुसू नका. 'लेण' हा शब्द त्या लेखांत जसाच्या तसा आहे आणि आजही आपण 'लेणे'च म्हणतो.

मुलांना आधी राजांकडे नेऊ नका. आधी ८ क्रमांकाच्या लहानशा लेण्याकडे न्या. तेथे मुगुदास नावाच्या एका 'दासका'ने हे लेणे दान दिल्याचा लेख आहे. दासक म्हणजे मासेमारी करणारा, असा अर्थ अभ्यासक लावतात. त्याने दान एकट्याच्या नावाने दिलेले नाही. लेखात 'सपरिवार' असा शब्द आहे. आपण लग्नपत्रिकेत 'सहकुटुंब सहपरिवार' लिहितो ना, तसाच! दोन हजार वर्षांपूर्वी जाळे टाकून पोट भरणाऱ्या एका माणसाने बायकामुलांसह दान दिले आणि दगडावर आपले नाव ठेवले. त्याच्या पुढे उभे राहून आपले कुटुंब जेव्हा ते पाहते, तेव्हा इतिहास राजांचाच असतो हा समज आपोआप गळून पडतो.

१८ क्रमांकाचे चैत्यगृह पाहा. त्याच्या दाराच्या दर्शनी भागावर धंभिक गावच्या लोकांच्या दानाची नोंद आहे. म्हणजे गावाने मिळून दिलेली वर्गणीच म्हणा. विहारासाठी पावती पुस्तक घेऊन घरोघर फिरणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना हे वाचून बरे वाटेल.

आता १० क्रमांकाचे मोठे लेणे. हे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दिले. येथला एक लेख मुलांच्या गणितासाठी फार सुंदर आहे. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३,००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कार्षापण हे त्या काळचे नाणे आणि श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना. एका श्रेणीकडे २,००० ठेवले, व्याज दरमहा शेकडा एक. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. मूळ रक्कम कधी परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे.

मुलांना तेथेच हिशेब करायला लावा. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २०. वर्षाचे झाले २४०. आणि २० भिक्खूंना प्रत्येकी १२ म्हणजे किती? २४०! एक कार्षापणाचाही फरक नाही. उरलेल्या १,००० वर दुसरी श्रेणी दरमहा शेकडा पाऊण देणार होती, ते भिक्खूंच्या किरकोळ खर्चासाठी. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवला, असेही लेखात म्हटले आहे. आज पतपेढीच्या वार्षिक सभेत अहवाल वाचतात, त्याचीच ही जुनी रीत.

या हिशेबात आपल्या सातपूरकरांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट वेगळीच आहे. राजाच्या जावयाने पैसा ठेवला तो कोणाकडे? मागावर बसणाऱ्या विणकरांकडे. त्यांचा शब्द इतका पक्का समजला जाई की पिढ्यान् पिढ्या चालणारी ठेव त्यांच्या हाती दिली. आणि हे गोवर्धन कोठे? गंगापूर रस्त्याच्या बाजूचे, आपल्या सातपूरपासून जवळच असलेले गोवर्धन गाव तेच, असे अभ्यासक मानतात. म्हणजे आज जेथे कारखान्यांचे भोंगे वाजतात, त्याच परिसरात दोन हजार वर्षांपूर्वी माग चालत होते आणि त्या कारागिरांच्या नावावर समाजाचा विश्वास होता. याच डोंगरावर पुढच्या काळातील एका उपासिकेचाही लेख आहे. तिचे नाव विष्णुदत्ता. आजारी भिक्खूंच्या औषधासाठी तिने कुंभार, तेली अशा श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. मुलींना हे नाव लक्षात राहू द्या.

राजघराण्याचे ३ क्रमांकाचे लेणे शेवटी पाहा. राजमाता गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख तेथे आहे. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव केला. त्याचा पुरावाही आपल्याच जिल्ह्यात सापडला. १९०६ साली जोगलथेंबी गावी नहपानाची सुमारे १३,००० चांदीची नाणी मिळाली. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. जुन्या नाण्यांची आवड असलेल्या मुलांना त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथील नाण्यांच्या संग्रहालयातही एकदा न्यावे. जाण्यापूर्वी चौकशी मात्र करावी.

डोंगर उतरल्यावर पायथ्याशी बुद्ध स्मारक आहे. तेथे सावलीत बसून शिदोरी सोडा. खरकटे, कागद आपल्याच पिशवीत परत आणा. लेण्यांच्या भिंतींवर खिळ्याने नावे कोरणारे महाभाग अजून आहेत. नाव राहावे असे वाटत असेल तर मुगुदासासारखे काही द्यावे लागते, एवढे मुलांना सांगितले तरी पुरे.

दुसरी सहल : पंचवटी आणि पदपथावरची पुस्तके

दुसऱ्या सुट्टीला सिटीलिंकच्या बसने शहरात जा. काळाराम मंदिर पाहा. तेथे काय पाहायचे, असे कोणी विचारील. ते दरवाजे पाहायचे. २ मार्च १९३० रोजी हजारो सत्याग्रही या दरवाजांपुढे येऊन बसले. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला हा लढा दादासाहेब गायकवाडांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे काही वर्षे चालवला. दार उघडले नाही. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना बोलते करा. त्यांच्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी सत्याग्रहात होते का, कोणी भाकरी बांधून दिली का, कोणाला मार बसला का? मुलांनी वहीत लिहून घ्यावे. तारीख आणि सांगणाऱ्याचे नावही लिहावे.

तेथून बाजारपेठेत या आणि रिकामी पिशवी बाहेर काढा. पदपथावर, बाजाराच्या कडेला, रद्दीच्या दुकानांत जुनी पुस्तके मिळतात. जागा बदलत राहतात, म्हणून एका विक्रेत्याला दुसऱ्याचा पत्ता विचारत जावे. घाई करू नये. ढिगाच्या खालचे पुस्तक नेहमी चांगले असते, असा अनुभव आहे! काही गोष्टी मात्र पाहून घ्याव्यात :

पहिले आणि शेवटचे पान आहे का ते बघा. मधली पाने सलग आहेत का ते चाळून बघा. वाळवीची माती किंवा बुरशीचा वास असेल तर घरातल्या इतर पुस्तकांना लागण होईल, घेऊ नका. पानाचा कोपरा हलकेच वाकवून पाहा, तुकडा पडत असेल तर ते पुस्तक जपूनच वापरावे लागेल.

प्रकाशनाचे वर्ष पाहा. कथा-कादंबरी, चरित्र, शब्दकोश जुने झाले तरी बिघडत नाही. स्पर्धा परीक्षेची आणि सामान्य ज्ञानाची पुस्तके मात्र जुनी घेऊन फसू नका. जुना नकाशासंग्रह मिळाला तर त्याचा खेळ करा. २०१४ पूर्वीच्या नकाशात तेलंगणा नसेल. आणखी काय काय बदलले ते मुलांनी शोधावे.

किमतीसाठी घासाघीस करावी, पण मर्यादेत. उन्हात दिवसभर उभा असलेला विक्रेताही आपल्यासारखाच कष्टकरी आहे. "दादा, तीन घेते, थोडे कमी करा," एवढे पुरते. आणि प्रत्येक मुलाला दहा-वीस रुपये देऊन त्याचे पुस्तक त्यालाच निवडू द्या. त्याने भुताच्या गोष्टी निवडल्या तरी रागावू नका. गोडी लागली की पुढची वाट त्याची तो शोधतो.

मोठ्यांनी काय शोधावे? आपल्या नाशिकचे बाबुराव बागूल यांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' हे १९६३ चे पुस्तक शोधा. त्यांचा जन्म विहितगावचा. सिन्नर तालुक्यातील देशवंडीच्या वामनदादा कर्डकांची गीतांची पुस्तके शोधा. वामनदादा मोठेपणी अक्षरे शिकले आणि पुढे गावोगाव आपल्या गाण्यांनी त्यांनी लोकांना शहाणे केले. अण्णाभाऊंची 'फकिरा', दया पवारांचे 'बलुतं', शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' ही नावे कागदावर लिहून खिशात ठेवा. शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड जुन्या बाजारात दिसले तर सोडू नका.

रद्दीच्या काट्यावर काय जाते?

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप सांगितला, त्या गोष्टीकडे येऊ. जुनी पुस्तके घरी आणण्याइतकेच महत्त्वाचे आहे, घरातली जुनी पुस्तके बाहेर जाऊ न देणे.

ओळखीच्या एका घरातील आजोबा वारले. आयुष्यभर कंपनीत राबलेला माणूस. पलंगाखाली त्यांची पत्र्याची ट्रंक होती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले आणि घर आवरताना ट्रंकेतला कागद रद्दीवाल्याला किलोवर दिला. ट्रंकेत पुढे गहू ठेवले. काही महिन्यांनी एक महाविद्यालयीन मुलगी वस्तीत आली. तिला कामगार वस्त्यांतील जुन्या धम्मकार्याची माहिती हवी होती. पत्रके, वर्गणीच्या पावत्या, जलशाच्या गाण्यांच्या वह्या, जयंतीच्या स्मरणिका, असे काही आहे का, म्हणून ती विचारत होती. घरच्यांनी एकमेकांकडे पाहिले. आजोबांच्या ट्रंकेत तेच तर होते!

या घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कागदाची किंमत काट्यावर ठरते असेच आपल्याला शिकवले गेले. पण विचार करा, आपला इतिहास छापला गेला तो कशावर? जाड पुठ्ठ्याच्या ग्रंथांत फार थोडा. बाकीचा स्वस्त कागदावरच्या चार-आठ आण्यांच्या पुस्तिकांत, साप्ताहिकांत, हस्तपत्रकांत. आपल्या शहरातील सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे. पण कुठलेही मोठे ग्रंथालय झाले तरी गल्लीतल्या मंडळाची स्मरणिका ते जपून ठेवील, अशी अपेक्षा करता येत नाही. ती आपल्याच घरांत असते. आपण टाकली की संपली.

आणि जपली तर काय होते? बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेली पत्रे आज छापील मिळतात आणि काळाराम सत्याग्रहाच्या काळात बाबासाहेबांच्या मनात काय चालले होते ते आपण वाचू शकतो. कारण ती पत्रे कोणीतरी जपून ठेवली होती. खुद्द बाबासाहेबांची किती तरी हस्तलिखिते त्यांच्या निधनानंतर वर्षानुवर्षे पेट्यांत बंद होती. ती बाहेर आली, वसंत मून यांच्यासारख्यांनी खपून ती संपादित केली, म्हणून खंड निघाले. त्या पेट्याही कोणी किलोवर दिल्या असत्या तर?

रद्दीतूनही माणूस घडतो, हेही सांगायला हवे. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवत. पुड्या बांधण्यासाठी आणलेली रद्दी त्या गल्ल्यावर बसून वाचायच्या. लिहीत गेल्या त्याही घरच्यांपासून लपवून. त्यातूनच 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ साली वाचकांपुढे आले. दुसऱ्याने फेकलेल्या कागदावर शिकलेल्या बाईने आपल्या सगळ्यांची कहाणी लिहून ठेवली.

म्हणून या सुट्टीत तिसरी सहल घरातल्या घरात काढा. माळा, ट्रंक, पलंगाखालचे गाठोडे उघडा. आजी-आजोबांना शेजारी बसवा. जो कागद हाती येईल त्याची धूळ मऊ फडक्याने पुसा. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, त्याने डाग पडतात. टाचण्या गंजलेल्या असतील तर हलकेच काढा. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोरड्या डब्यात ठेवा, जमिनीपासून वर. फोटोच्या मागे पेन्सिलीने माणसांची नावे लिहा. आज आजीला नावे आठवतात, उद्या विचारायला कोणी नसेल. मोबाईल आहेच हाताशी, तर महत्त्वाच्या पानांचे फोटो काढून ठेवा. मुलांच्या मोबाईलचा याहून चांगला उपयोग कोणता?

ज्यांच्या घरी जागाच नाही त्यांनी विहारात एक कपाट मागावे. सुट्टी संपायच्या आत प्रत्येक घराने आपली वाचून झालेली चार पुस्तके तेथे आणून दिली तरी जूनमध्ये वस्तीचे वाचनालय उभे राहील. नोंदवही ठेवायचे काम आठवी-नववीच्या मुलामुलींकडे द्या. मोठ्यांपेक्षा ती जास्त चोख ठेवतात. आणि आपल्या भागातील रद्दीवाल्याशीही बोलून ठेवा. "दादा, जुनी मराठी पुस्तके, निळ्या मुखपृष्ठाची पुस्तके, जयंतीची मासिके आली तर आमच्यासाठी बाजूला ठेवा. काट्याच्या भावापेक्षा दोन रुपये जास्त देऊ." धंद्याची गोष्ट आहे, तो आनंदाने ठेवील.

मुगुदासाने आपल्या बायकामुलांसह लेणे दिले आणि त्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले. आपल्याला डोंगर कोरायचा नाही. एक ट्रंक सांभाळायची आहे आणि एका पोराच्या हातात एक पुस्तक द्यायचे आहे. येत्या साप्ताहिक सुट्टीला पिशवी घ्या आणि सहकुटुंब बाहेर पडा.

जयभीम!